पोलिसांनी हात दाखवला आणि गाडी पळवली तर? कायदा, शिक्षा आणि आपली पोरं

शनिवारची रात्र असो, ३१ डिसेंबर असो की सणासुदीचे दिवस. घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गावर, मुलुंड चेकनाक्यावर, अंधेरीत एस. व्ही. रोडवर, बोरिवलीच्या पुढे दहिसरकडे नाकाबंदी लागते. बहुतेक जण थांबतात, कागद दाखवतात आणि घरी जातात. एखादा मात्र बॅरिकेड दिसताच गाडी वळवतो, उलट्या दिशेने घुसतो किंवा पोलिसाच्या अंगावरून निघून जातो. त्यात कोणी जखमी झाले की दुसऱ्या दिवशी मागणी सुरू होते: कायदा कडक करा, दहा वर्षे आत टाका.

आपल्या वस्त्यांना हा विषय दोन्ही बाजूंनी लागतो. रिक्षा, टेम्पो, ओला-उबर आणि डिलिव्हरीच्या दुचाकी चालवणारी पोरं आपल्या घरांत आहेत. पहाटे रस्ता झाडणारे सफाई कामगार, फुटपाथवर झोपणारे मजूर, रात्रपाळी संपवून पायी घरी येणारे लोकही आपलेच आहेत. पळणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर आपला मुलगा असू शकतो आणि तिच्या चाकाखाली आपला बापही असू शकतो. म्हणून या कायद्यात नक्की काय आहे आणि शिक्षा वाढवून काय साधेल, हे आम्ही इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

‘पळाला’ म्हणजे नक्की काय केले?

बोलताना आपण एकच शब्द वापरतो. कायद्याच्या नजरेत मात्र यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, पोलिसाने हात दाखवला आणि चालक न थांबता निघून गेला. कोणाला धक्का लागला नाही. आपल्याकडे ‘पोलिसांपासून वाहनातून पळणे’ असा स्वतंत्र गुन्हा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ नुसार वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळावा लागतो. कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास लायसन्स दाखवावे लागते. कायदेशीर आदेश मोडल्यास कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तो ५०० रुपये होता.

पण पळणारा क्वचितच सरळ आणि सावकाश जातो. तो सिग्नल तोडतो, उलट्या दिशेने जातो, फुटपाथवर गाडी चढवतो. मग कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणे, लागते. त्याला पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सोबत भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू शकते. त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरी गोष्ट, पोलिसाला ढकलून, फरफटत किंवा त्याच्या अंगावर गाडी घालून पळणे. इथे प्रकरण वाहतुकीच्या दंडापुरते राहत नाही. लोक ज्याला ‘शासकीय कामात अडथळा’ म्हणतात ते संहितेचे कलम १३२ लागते आणि ते अजामीनपात्र आहे. पोलीस जखमी झाला तर कलम १२१. जीव जाऊ शकतो हे कळत असूनही गाडी अंगावर घातल्याचे दिसले, तर कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न. त्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे आणि इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत जाते.

तिसरी गोष्ट, अपघात करून पळणे. यावर मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ स्पष्ट आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि घटना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. ते न केल्यास कलम १८७ खाली पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १ वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दहा वर्षांचे कलम कुठे अडकले?

जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त २ वर्षे कैद होती. नव्या संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती ५ वर्षांपर्यंत गेली. त्यापुढे १०६(२) हे नवे उपकलम आले. बेदरकार आणि निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडवला आणि घटनेनंतर लगेच पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १०६(१) जामीनपात्र आहे, १०६(२) अजामीनपात्र.

याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले. इंधन संपेल या भीतीने मुंबईसह अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे होते की अपघातानंतर आम्ही थांबलो तर जमाव मारून टाकेल आणि पळालो तर दहा वर्षे जेल. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि संघटनेशी बोलल्याशिवाय हे उपकलम लागू करणार नाही, असे आश्वासन दिले. पुढे १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली ती १०६(२) वगळून.

त्यानंतर आठवडाभरात, ७ जुलै २०२४ रोजी, वरळीत एका बीएमडब्ल्यू गाडीने दुचाकीवरून जाणाऱ्या कोळीवाड्यातील जोडप्याला धडक दिली आणि पत्नीचा फरफटत जाऊन मृत्यू झाला. आरोपी चालक दोन दिवसांनी सापडला. १०६(२) हाती नसले तरी पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ आणि पुरावा नष्ट करण्याचे कलम लावले. म्हणजे गंभीर प्रकरणात कडक कलम लावायला वाट आधीही होती आणि आजही आहे. पण या दोन दिवसांच्या पळण्याचा एक परिणाम कोणत्याही कलमाने भरून निघत नाही. तासागणिक रक्तातील अल्कोहोल उतरते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माणूस उशिरा सापडला तर मोजायला काही उरत नाही. प्यायलेल्या चालकासाठी पळणे हा पुरावा पुसण्याचा मार्ग ठरतो. पळण्याला वेगळी शिक्षा हवी, या मागणीतला सर्वांत मजबूत मुद्दा हाच आहे, असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न किती मोठा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ३०,४८६ जणांचा मृत्यू धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळे झाला. दर शंभरातले अठरा. या घरांना गाडी कोणाची आणि विमा कोणत्या कंपनीचा हेच कळत नाही, म्हणून नुकसानभरपाईचा नेहमीचा रस्ताही बंद होतो. न थांबणाऱ्या माणसाकडे गुन्हेगारी नजरेने पाहिले पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे.

पोलिसांची बाजूही विसरता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला हेल्मेट न घातलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवल्यावर वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात बांबू मारला गेला. ३१ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. नाक्यावर उन्हात, पावसात, धुरात उभा असलेला हवालदार हाही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातून आलेला असतो.

शिक्षा वाढवली की पळणे थांबते का?

महाराष्ट्राने एक प्रयोग करून पाहिला आहे. सरकारी सेवकावर हल्ल्याच्या जुन्या कलम ३५३ ची शिक्षा आपल्या राज्याने स्वतंत्र दुरुस्ती करून २ वर्षांवरून ५ वर्षे केली आणि ती २०१८ मध्ये लागू झाली. तरी एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एका चालकाने वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन सुमारे २० किलोमीटर गाडी पळवली. तो अमली पदार्थांच्या अंमलाखाली होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या क्षणी त्याच्या डोक्यात कलम २ वर्षांचे की ५ वर्षांचे, हा हिशेब चालला असेल असे कोणीही म्हणणार नाही. नव्या संहितेच्या कलम १३२ मध्ये ही मर्यादा पुन्हा २ वर्षेच आहे, हे फार लोकांना माहीतही नाही. आकडा वर गेला, खाली आला. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नाही.

शिक्षेचा धाक तिच्या लांबीपेक्षा तिच्या खात्रीत असतो. उपनगरातला सर्वांत गाजलेला खटला पाहा. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात बेकरीबाहेर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. एक ठार, चार जखमी. अभिनेता सलमान खान यांच्यावर खटला चालला. आरोप आधी निष्काळजीपणाने मृत्यूचा होता, मग सदोष मनुष्यवधाचा, आणि खटला नव्याने सुरू झाला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सरकारी पक्षाला आरोप संशयापलीकडे सिद्ध करता आले नाहीत म्हणून त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. कोणता निकाल बरोबर, हे आम्ही ठरवत नाही. मुद्दा एवढाच की त्या मजुरांच्या घरांना १३ वर्षे वाट पाहावी लागली आणि गाडी कोण चालवत होते या पहिल्या प्रश्नाचेही पक्के उत्तर मिळाले नाही. कलमात १० ऐवजी २० वर्षे लिहिली असती तरी हे बदलले नसते. त्याच रात्री पंचनामा, रक्ताचा नमुना आणि साक्षी पक्क्या झाल्या असत्या, तर बदलले असते.

बाहेरच्या देशांतही हाच पेच आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ३१ डिसेंबर २००९ रोजी पोलिसांपासून पळणाऱ्या गाडीच्या धडकेत एक चिमुकली गेली. २०१० मध्ये तिथे पोलिसांचा पाठलाग चुकवून धोकादायक गाडी चालवण्याचा वेगळा गुन्हा झाला, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. न्यूझीलंडने २०२० च्या अखेरीस पोलिसांच्या पाठलागावरच मर्यादा आणल्या, कारण पाठलागात माणसे मरत होती. लोक पळू लागल्याच्या तक्रारी झाल्यावर २०२३ मध्ये धोरण पुन्हा बदलले. शिक्षा हा प्रश्नाचा एक भाग आहे आणि पोलीस कसे अडवतात हा दुसरा. दोन्ही एकत्र पाहावे लागतात.

माणूस पळतो का?

प्यायलेला माणूस पकडले जाऊ नये म्हणून पळतो. त्याच्याविषयी आम्हाला सहानुभूती नाही. बाविस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती घेतलेल्या समाजाने पिऊन गाडी चालवणाऱ्याची पाठराखण करू नये. चोरीची गाडी किंवा अवैध माल घेऊन जाणाराही पळतो. त्याला कायद्याने गाठावे.

पण बरेच जण लहान कारणासाठी पळतात. लायसन्स नाही, ट्रिपल सीट आहे, विमा संपला आहे, मागच्या ई-चलानांचे पैसे थकले आहेत. रोज पाच-सातशे कमावणाऱ्या पोराला दंडाचा आकडा ऐकूनच धडकी भरते. आणि काहींच्या मनात पोलिसांचीच भीती असते. ती हवेतून आलेली नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जणांचे प्राण गेले. त्याच महामार्गाच्या कडेला वाढलेल्या पिढीला खाकी दिसली की पाय उचलावासा वाटतो, हे समजून घेतले पाहिजे. समजून घेणे म्हणजे पळणे योग्य ठरवणे नव्हे.

हिशेब मांडून पाहा. ट्रिपल सीटला केंद्रीय कायद्यात १,००० रुपये दंड. लायसन्स नसेल तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. बहुतेक प्रकरणे चलानावर मिटतात. तोच मुलगा पळाला आणि हवालदाराला हँडल लागले, तर अजामीनपात्र गुन्हा, कोठडी, वकील, तारखा. त्याहून मोठे म्हणजे चारित्र्य पडताळणीत नोंद. पोलीस भरती, रेल्वे, महापालिका, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणी ती आडवी येते. ज्या घरात पहिला मुलगा सरकारी नोकरीच्या उंबरठ्यावर आहे, त्या घराचे हे नुकसान कोणत्याही दंडाच्या पावतीत मावत नाही.

कायदा बदलायचाच असेल तर कसा?

आमच्या मते पोलिसांपासून पळण्याचा स्वतंत्र गुन्हा करायला हरकत नाही, पण पायऱ्या हव्यात. नुसते न थांबणे, जीव धोक्यात घालून पळणे आणि पळताना कोणाला जखमी करणे किंवा मारणे, या तिघांना एकच शिक्षा नको. पहिल्या पायरीवर मोठ्या कैदेपेक्षा लायसन्सचे निलंबन लवकर आणि हमखास व्हावे. पैसेवाल्याला दंड बोचत नाही, लायसन्स गेले की बोचते.

जमावाच्या भीतीने पुढे जाऊन जवळच्या पोलीस ठाण्यात हजर होणारा किंवा ११२ वर कळवणारा ‘पळालेला’ मानला जाऊ नये, हे कलमातच लिहावे. कलम १३४ जमावाच्या रोषाचा अपवाद आधीच मान्य करते. तोच १०६(२) मध्ये स्पष्ट शब्दांत आला, तर ट्रकचालकांच्या आक्षेपातला खरा भाग दूर होईल.

आणि अधिकार वाढणार असतील तर जबाबदारीही वाढली पाहिजे. नाकाबंदीवर पुरेसा उजेड, दुरून दिसणारे बॅरिकेड, पोलिसांच्या अंगावर कॅमेरे. धावत्या दुचाकीसमोर अचानक काठी आडवी घालणे थांबले पाहिजे. मुंबईत चौकाचौकांत कॅमेरे आहेत. नंबर टिपून मालकाच्या घरी पोहोचता येत असेल, तर गर्दीच्या एलबीएस मार्गावर पाठलाग करून तिसऱ्याचा जीव का धोक्यात घालायचा?

थांबल्यावर आपले हक्क

थांबा. इंजिन बंद करा. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असतील तर तेही चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. दंडाची पावती किंवा ई-चलान मागा, पावतीशिवाय पैसे देऊ नका. गाडीची चावी काढून घ्यावी असे मोटार वाहन कायद्यात कुठलेही कलम नाही. ठराविक कारणांसाठी कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. वाद असेल तर तो कोर्टात घाला, नाक्यावर नाही.

अटक झालीच, तर संविधानाचे अनुच्छेद २२ तुमच्या बाजूने उभे आहे. अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेता येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. नातेवाईकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, कारण नोंदवावे लागते. अनुसूचित जातीतील व्यक्ती, महिला, मुले आणि कोठडीतील कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

अपघात झाला तर जखमीसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ फिरवा. जमाव भडकला असेल तर थेट पोलीस ठाणे गाठा. खबर देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) नुसार कोणावर करता येत नाही आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. वाटसरू म्हणून जखमीला दवाखान्यात नेले, तर कलम १३४-अ तुम्हाला संरक्षण देते.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई मिळते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. ही योजना माहीत नसल्याने अनेक कुटुंबे अर्जच करत नाहीत. आपल्या विहारात, मंडळात, महिला मंडळाच्या बैठकीत हे एकदा वाचून दाखवा.

अल्पवयीन मुलाच्या हातात चावी देणाऱ्या पालकांसाठी शेवटचे. कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. लायसन्स हाती नसलेला मुलगा बॅरिकेड दिसल्यावर काय करेल, हे आपण घरातून चावी देतानाच ठरवलेले असते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला आरटीओत न्या, लायसन्स काढून द्या आणि पोलिसांनी हात दाखवला की थांबायचे, हे आधी शिकवा. थांबलेल्या माणसाच्या बाजूने संविधान उभे राहते. पळालेल्याची बाजू मांडायला वकिलालाही जड जाते.

जय भीम.